तुला वाचता येईल अशा भाषेत

मी, स्तोयांका मिलेवा, वय एक्याऐंशी, राहणार बुरोस, स्वीडन, डोकं ठिकाणावर असताना आणि तापलेलं असतानाही हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. वकील म्हणाला, तुमचं स्वीडिश जरा सुधारून देतो. त्याला कॉफी पाजली आणि वाटेला लावलं. यातल्या वाक्यांना, चुकांसकट, कोणीही हात लावू नये.

१. राहता फ्लॅट व बँकेतली शिल्लक. माझी एकुलती एक मुलगी स्नेझाना, जी स्वतःला सुसान म्हणवते, हिला कायद्याने अर्धा वाटा द्यावाच लागतो. तो दिला. उरलेला अर्धा माझ्या मर्जीचा आहे. त्याचं कलम ४ मध्ये.

२. निळ्या काठाचं ताट. मॅसेडोनियाहून इथल्या शिवणकारखान्यात आलो, त्या पहिल्या हिवाळ्यात इमारतीच्या सामाईक धुलाईखोलीत माझ्या नावाची चिठ्ठी लागली. शब्दकोश घेऊन बसले. ‘प्रिय शेजारीण’, ‘आगाऊ आभार’, खाली नाव आणि काढलेलं फूल. मला वाटलं, कोणीतरी ओळख करू पाहतंय. चीजचा पिटा, आमच्याकडची पापुद्र्यांची भरलेली पोळी, भाजला आणि खालच्या मजल्यावरच्या गुन-ब्रिटकडे घेऊन गेले. तिने ताट घेतलं, आभार मानले, दार लावलं. नंतर कळलं, चिठ्ठीत तिने लिहिलं होतं की मी कपडे धुवायचं यंत्र घाण करून जाते. आठवडाभर सगळी इमारत मला पाहून हसत होती. या लोकांचा राग गोड शब्दांत असतो, तो वाचता आलाच पाहिजे, असं मी तेव्हा ठरवलं आणि वाचनालयाची पायरी चढले. गुन-ब्रिट या मृत्युपत्राची साक्षीदार आहे, म्हणून तिला काही देता येत नाही असं वकील म्हणतो. उत्तम. ताट तिने परत करावं.

३. पुस्तकं. सगळी बुधवारच्या वाचनमंडळाला. चित्रांच्या पुस्तकांपासून सुरुवात केली, मग स्वयंपाकाची, मग जाडजूड कादंबऱ्या. हात मशीनवर असायचे आणि मनात कालचं पान. पुढे स्वतःच्या गोष्टी लिहून मंडळात वाचायला लागले. कोणी हसलं तरी पान संपवल्याशिवाय खाली बसले नाही. स्नेझानाने हीच पुस्तकं एकदा रद्दीत काढली होती. म्हणे, “आई, या वयात कशाला हा उपद्व्याप? मी आहे ना बोलायला!” बँकेत तीच बोलायची, दुकानात तीच. मी तोंड उघडलं की हिचे कान लाल.

४. उरलेला अर्धा वाटा. माझा नवरा ब्लाझे इस्पितळात होता. डॉक्टर काही सांगायला लागले तर ही म्हणाली, “आईला कळत नाही, मला सांगा.” डॉक्टर म्हणाले, उद्याची सकाळ दिसणं कठीण आहे. ही माझ्याकडे वळून आमच्या भाषेत म्हणाली, “बाबा ईस्टरला घरी येतील. तू जा, झोप काढ.”

मला सगळं समजलं होतं. मी डॉक्टरांना स्वीडिशमध्ये म्हणाले, “माझा माणूस जातोय. मी इथून हलणार नाही.” आणि माझी मुलगी माझ्या कानाशी काय म्हणाली? “आई, हळू बोल. किती विचित्र वाटतं ते.”

बाप मरत होता आणि हिला माझ्या उच्चारांची लाज वाटत होती. हे मी विसरलेले नाही, माफही केलेलं नाही.

म्हणून अट. कपाटाच्या वरच्या फळीवर आमच्या भाषेचं बालवाचन आहे. ती सहा वर्षांची असताना आमच्या गावाहून, बितोलाहून, आणलं होतं, तिने उघडलंसुद्धा नाही. तिने आता अक्षरं शिकावीत आणि त्यातलं एक पान बुधवारच्या मंडळासमोर उभं राहून मोठ्याने वाचावं. मंडळात ती भाषा कोणाला येत नाही, पण अडखळणं सगळ्यांना ओळखता येतं. कोणी हसलं तर हसू द्यावं. तिने पान पूर्ण करावं. केलं तर उरलेला अर्धा वाटा तिचा. नाही तर वाचनालयाचा.

५. माझ्या अंत्यविधीला स्नेझानाने माझ्या वतीने बोलू नये. हेच वाचून दाखवावं. आईने शेवटचं लिहिलं ते परक्या भाषेत का, असं कोणी विचारलं तर खरं सांगावं: माझ्या मुलीला दुसरी वाचता येत नाही.

साक्षीदार, दोघेही एकाच वेळी हजर:
इंगेमार लिंड, वाचनमंडळाचे प्रमुख.
गुन-ब्रिट साल्मेन, शेजारीण. (ताट आज आणून दिलं. रिकामं.)

बुरोस, ११ नोव्हेंबर.

सही मी माझ्या लिपीत केली आहे. स्नेझाना, ती कोणाची, हे तुला वकिलाला विचारावं लागेल.