काळ्या तारेचा शेवटचा टाका

प्रिय पुतळा,

फोन सोडून हिला पत्र कुठून सुचलं, म्हणून हसशील. पण फोनवर तू मला बोलू कुठे देतेस गो? उलव्याच्या गच्चीवरून हे विमान गेलं, ते आलं, मग सुनेची आमटी, मग गुडघा. तोवर माझा चहा निवतो. शिवाय आज जे सांगायचं आहे ते माझ्या तोंडातून निघायचं नाही. शाळा चौथीची, अक्षर कोंबडीने उकरल्यासारखं, तरी लिहिते. धनेशच्या हाती पाठवते आहे. तुझा मोतीबिंदू काढला ना, मग स्वतःच वाच. सुनेला वाचायला देऊ नकोस.

आधी गंमत ऐक. आमची जागृती, धनेशची मुलगी, नोकरीला लागली. कुठे, तर महाप्याला! आपली टेपरेकॉर्डरची कंपनी होती तिच्या मागच्या गल्लीत, काचेच्या बिल्डिंगीत. मी म्हटलं, आम्ही एकोणीस वर्षं तिथे घाम गाळला, तुला गार हवेत बसवायला. तर या पोरीने घरात एक खूळ काढलं आहे. टीव्हीवर खेळायची आमच्याकडे तीन मशीनं. एक धनेशने सातवीत असताना रडून रडून घेतलेलं, कॅसेटवालं, एक मधल्या काळातलं आणि एक हिचं आताचं. तिन्हींचे रिमोट वेगळे, कशाचं बटण दबत नाही, कशाची तार उंदराने खाल्लेली. म्हणून तिने ठरवलं, तिन्ही मशीनांना मिळून एकच मोठा पाट करायचा. ती पॅनल म्हणते. आठवतं ना, बाजारात गेमचं दुकान होतं, उभी मशीनं, दांडे आणि टपोरी बटणं? शाळा बुडवून आपले दोघे तिथे सापडले होते. तुझ्या एका हातात माझ्या धनेशचा कान आणि दुसऱ्या हातात तुझ्या विश्वजितचा, अशी वरात शिरवण्याच्या वेशीपर्यंत आणली होतीस. अगदी तसाच पाट.

सुतारकाम छान झालं. पण बटणांना तारा सोल्डर करायला बसली आणि मला बघवेना. बटणावर टाके कसले, कथलाची भजी! मी म्हटलं, सरक तिकडे. पदर खोचला, चष्मा चढवला आणि बसले. पहिला टाका लागला, तो जुना वास आला आणि पुतळे, खोटं नाही सांगत, मला वाटलं उजव्या हाताला तू बसली आहेस. जागृती तोंड उघडं टाकून बघत राहिली. आजी, तुला हे येतं? आता काय सांगायचं? घरात सगळ्यांना एवढंच ठाऊक, की आजी कंपनीत जायची. कंपनीत काय करायची, ते कुणी विचारलंच नाही.

काम आपल्या टेपरेकॉर्डरच्या सर्किटच्या प्लेटांसारखंच आहे. प्रत्येक बटणाला दोन तारा. रंगीत तार ज्याची त्याची. काळी मात्र सगळ्यांची एकच, या बटणातून त्या बटणात ओवत न्यायची, गजरा गुंफावा तशी. सगळ्या तारा शेवटी एका रुंद प्लगात येतात. तिन्ही मशीनांचे रिमोट फोडून त्यांच्या पोटातूनही तारा काढल्या आणि तसलेच प्लग लावले. ज्याचा खेळ खेळायचा त्याचा प्लग पाटाला जोडायचा, झालं. दांडा तोच, बटणं तीच. मला तर वाटलं, घरातही असं जमायला हवं होतं, तीन पिढ्यांना एकच रिमोट!

पण चालवून बघितलं तर काही बटणं चालायची, काही रुसायची. माझा माणूस उडी मारायच्या ऐवजी खड्ड्यात. जागृतीने मीटर लावून एकेक टाका तपासला. रुसलेले सगळे माझे. मी तिच्यावरच डाफरले, की तुझं कथीलच भेसळीचं. मग तिने मला पुन्हा टाका लावायला सांगितला, गालावर हात ठेवून बघत राहिली आणि म्हणाली, आजी, फुंकर कशाला मारतेस, दूध आहे का ते? फुंकरीने टाका वरून गार होतो, आत कच्चा राहतो. ड्राय सोल्डर. तिने दाखवलं. न फुंकलेले टाके चकचकीत, माझे राखेसारखे मळकट. पुतळे, माझ्या हातातली सोल्डरची तापती काडी तिथेच थांबली.

ते वर्ष तुला आठवतंच. खराब म्हणून परत आलेल्या प्लेटांचं खोकं, सुपरवायझरने सगळ्यांसमोर ओतलेलं. चिठ्ठीवर नंबर तुझा होता, कारण आपण दोघींनी अर्धी अर्धी लावलेली प्लेट तुझ्याकडे संपायची. तुला सोल्डरवरून उठवून पॅकिंगला बसवलं, ते शेवटपर्यंत. तू मात्र डबा माझ्यासोबतच खात राहिलीस. अजून म्हणतेस, या हातांचा काय उपेग हाय गो. पण सुपरवायझरने ज्यांवर बोट ठेवलं होतं, ते टाके डावीकडचे होते. डावी बाजू माझी. मळकट होते, मी पाहिलं होतं. मान खाली घातली आणि गप्प राहिले. कथलात खोट असेल, अशी मनाची समजूत इतकी वर्षं घालत आले. खोट फुंकरीत होती आणि त्याहून मोठी माझ्या गप्प बसण्यात. तुझा हात तेव्हाही चांगला होता. हे सांगायला पत्र लिहिलं. जागृतीला सगळं सांगितलं आहे. धनेशलाही. विश्वजितला रविवारी मीच सांगेन, सगळ्यांसमोर, जसं सुपरवायझर तुला सगळ्यांसमोर बोलला होता तसं. तो आणि धनेश अकरा वाजता खेळायला बसणार आहेत. माझे रुसलेले टाके मी पुन्हा लावले, सगळे चकाकले. फक्त काळ्या तारेचा शेवटचा टाका, जो प्लगाला जातो, तो सोडवून ठेवला आणि परत कुणाला लावू दिला नाही. तो लागल्याशिवाय तिन्हींतलं एकही मशीन चालायचं नाही. रागावून आलीस तरी ये, माझ्याशी बोलली नाहीस तरी ये. उजवीकडची खुर्ची तुझी ठेवली आहे. मी डावीकडे बसेन, तोंडात पदर कोंबून, म्हणजे फुंकर जायची नाही.

तुझ्या डाव्या हाताची,
तुझीच राजाबाई