वाचून दाखवलेलं पत्र

लातूर,
मंगळवार, १९ एप्रिल १९८३

तीर्थरूप मामांच्या चरणी उमाचे शरणार्थ.

पाकिटावर आधी जिल्हा उस्मानाबाद लिहिलं आणि मग खोडून लातूर केलं. नवा जिल्हा होऊन आठ महिने झाले, तरी हात जुन्याच जिल्ह्यात जातो. खाडाखोडीबद्दल रागावू नका.

आम्ही बरे आहोत. नळाला आठ दिवसांनी पाणी येतं. हरभऱ्याची आवक नाही म्हणून अप्पांची डाळमिल एकच पाळी चालते, त्यामुळे ते दुपारी घरी असतात आणि टँकरपाशी घागरींची रांग लावतात. तुमची जनावरं छावणीत हलवल्याचं आमच्या चुलत पंचाक्षरीदादाकडून कळलं. मामींच्या गुडघ्याला आता कसं आहे?

धाकट्या शिवकन्येबद्दल लिहायचं आहे.

तुम्ही तिला पाहिलं त्याला दोन वर्षं झाली. ती आता सोळाची आहे, दहावीची परीक्षा नुकतीच दिली. मधल्या काळात परभणीच्या रेडिओवर मुलांच्या कार्यक्रमात तिने तीन आवाजांत एक गोष्ट सांगितली. संपल्यावर तिथले साहेब बाहेर येऊन विचारू लागले, "बाकीच्या दोघी कुठं गेल्या?" फेब्रुवारीत नव्या जिल्ह्याची पहिली नाट्यस्पर्धा झाली. ऐन वेळी एक मुलगी तापाने पडली. शिवकन्येने स्वतःचं म्हातारीचं काम केलं, पडद्यामागून त्या मुलीची गाणी म्हटली, आणि ढोलकीवाल्याचा ठेका चुकला तेव्हा ढोलकीही ओढून घेतली. मिशासुद्धा सगळ्यांना तिनेच रंगवल्या होत्या.

ते बघायला नांदेडचे व्यंकटराव आले होते. त्यांची नाटकमंडळी आहे. नांदेड, धर्माबाद, किनवट असे चाळीस दिवस प्रयोग, आणि त्यात मुख्य काम शिवकन्येला. तालमी येत्या सोमवारी सुरू होतात. तोवर ती पोचली नाही तर काम दुसऱ्या मुलीला जाईल. अप्पा म्हणाले, "शिवमूर्ती म्हणंल तसं." म्हणून मी तुम्हाला लिहिलं होतं.

व्यंकटरावांचा मला पहिल्या दिवसापासून संशय होता. घरी आले तेव्हा म्हणाले, "शिवकन्या नाव लांब पडतंय. जाहिरातीत नुसतं कन्या टाकू." ज्याला आईबापांनी ठेवलेलं नाव लांब वाटतं, त्याला पुढे आणखी काय लांब वाटेल? मी विचारलं, गावोगावी मुली झोपतात कुठे? "माझ्या बायकोच्या दोन अंगाला दोघी दोघी." उत्तर इतकं लगेच आलं की मला ते पाठ केलेलं वाटलं.

म्हणून पाच तारखेला पंचाक्षरीदादाला घेऊन मी नांदेडला गेले. अप्पांना सांगितलं, मैत्रिणीकडे जाते. व्यंकटरावांच्या घरी त्यांच्या पत्नी महानंदाबाई एका राजाच्या अंगरख्याला ठिगळ लावत बसल्या होत्या आणि धर्माबादच्या दोन मुली ओसरीवर सागरगोटे खेळत होत्या. मी नाटकाची चौकशी करायला आलेली कुणी बाई, असं भासवलं. घरभर नजर फिरवून उठले, तर त्या म्हणाल्या, "बघून झालं असंल तर च्या घेऊन जा. भणीसाठी आलात न्हवं? नाक सारखंच हाय. मी बी हेच केलं असतं."

म्हणजे मामा, संशय घ्यायला तिथे काही उरलं नव्हतं. आणि हे मी तुमचं उत्तर येण्याच्या चार दिवस आधी बघून आले होते. तारीख मुद्दाम लिहिली आहे.

तुमचं उत्तर नऊ तारखेला आलं. त्यानंतर शिवकन्या फार शहाण्यासारखी वागते आहे. रडली नाही, भांडली नाही. पाणी भरते, डाळ निवडते, "हाव अक्का" म्हणते. मला वाटतं हे तिचं काम चालू आहे आणि मी एकटीच प्रेक्षक आहे.

परवा जेवताना तिने विचारलं, "अक्का, मामांचं 'नको' कसं असतं गं?"

"कसं म्हणजे?"

"करून बघायचं हाय मला. जमंना गेलंय." मग मिशीवरून हात फिरवला, दोनदा खाकरली आणि तुमच्या आवाजात, तुमच्या कानडीत म्हणाली, "नोडोण... नोडोण की."

अप्पांना ठसका लागला, इतके हसले. "बराबर! बघू बघू म्हणतंय, हो न्हाई की न्हाई न्हाई."

"तेच तर, अप्पा. मामांचं 'नको' म्या कधी ऐकलंच न्हाई. अन् ऐकल्याबिगर मला येत न्हाई."

अप्पा हात धुवायला गेले तेव्हा ती माझ्याकडे न बघता हळूच म्हणाली, "ते पत्र तारेला लावलं न्हाईस अक्का."

आमच्याकडे आलेलं प्रत्येक पत्र दारामागच्या तारेत ओवलं जातं. तुमचं माझ्या पेटीत, साडीच्या घडीत आहे.

मामा, तुम्ही लिहिलं होतं, "पोरीला जाऊन येऊ द्या." मी अप्पांना वाचून दाखवलं, "पोरीला जाऊ देऊ नका."

अप्पांची चार इयत्ता उर्दूत झालेली. तुमचं बारीक मराठी अक्षर त्यांना लागत नाही. अव्वा, तुमची बहीण, गेल्यापासून या घरात येणारं पत्र माझ्या तोंडून आत येतं, आणि आजवर त्यात काना-मात्रेचा फरक झाला नव्हता. शाळेत जाण्याआधी मी चार वर्षं देवणीला तुमच्यासमोर पाटी घेऊन बसले. तुम्ही पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं, पत्राच्या वर गुरूचं नाव लिहिलं की त्याखाली नकार लिहू नये. नकार द्यायचा तर समोर जाऊन द्यावा. खोटं वाचताना मला नेमकं हेच आठवलं नाही. जिला तुम्ही एक अक्षर शिकवलं नाही, तिने कानाने ओळखलं.

का वाचलं, तेही लिहिते. तुमचं उत्तर येण्याआधी उदगीरहून, माझ्यासाठी पाहिलेल्या विरूपाक्ष यांच्याकडची माणसं मला बघून गेली. त्यांच्या आत्याने निघताना विचारलं, "नाटकात असती ती तुमचीच का?" मी म्हणाले, "ती आता सोडणार आहे." कुणी मला असं बोलायला सांगितलं नव्हतं. बोलून गेले, आणि मग ते खरं करणं भाग पडलं. शिवकन्येची काळजी होती असं मी दहा दिवस स्वतःला सांगते आहे. काळजी होतीच. पण ती नांदेडला महानंदाबाईंच्या ओसरीवर संपली होती.

उद्या अप्पांना तुमचं पत्र जसं आहे तसं वाचून दाखवीन. माझ्या वतीने तुम्ही त्यांना काही सांगू नका.

गुरुवार, २१ एप्रिल

हे पत्र टाकायचं राहिलं होतं. आता पुढचं लिहून टाकते.

काल सकाळी अप्पांची लिंगपूजा झाल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं आणि पत्र वाचलं. त्यांनी कागद माझ्या हातून घेतला. मग म्हणाले, "म्हंजे आता ह्ये खरं का ते खरं?"

"हे खरं, अप्पा."

"त्या दिशी बी हाच कागुद व्हता. हाच आवाज व्हता."

मी शपथ घ्यायला गळ्यातल्या लिंगावर हात ठेवला. त्यांनी माझा हात धरून खाली केला. "त्येला मधी आणू नको." मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

मग "कन्नी, तू वाच," म्हणून त्यांनी पत्र शिवकन्येला दिलं. तिने नक्कल केली नाही. पण तुम्ही जिथे थांबता तिथे ती थांबली, जिथे खाकरता तिथे श्वास घेतला, आणि "जाऊन येऊ द्या" मधलं "येऊ" तुमच्यासारखं लांबवलं. अप्पांनी डोळे मिटले होते. "हां," ते म्हणाले. "ह्यो शिवमूर्ती."

मामा, तिने वाचलं ते आणि त्याच सकाळी तिच्याआधी मी वाचलं होतं ते अक्षर न् अक्षर एकच होतं.

आज पहाटेच्या एसटीने ती पंचाक्षरीदादाबरोबर नांदेडला गेली. स्टँडवर मी विचारलं, "माझा राग आलाय का?" ती म्हणाली, "रागाचं काम मला चांगलं येतंय अक्का. तुझ्याम्होरं न्हाई करणार." आणि हसली. ते हसणं कोणतं होतं, मला सांगता येत नाही. व्यंकटरावांना मात्र तिने कळवलं आहे की जाहिरातीत नाव पूर्ण पाहिजे.

उदगीरच्या आत्यांना मी कालच लिहिलं की बहीण नाटकात काम करते, करत राहील, आणि त्या दिवशी मी खोटं बोलले. त्यांचं उत्तर येईल किंवा येणार नाही.

दुपारी धर्माबादच्या काकांचं कार्ड आलं. मी ते अप्पांपुढे धरलं आणि सवयीने वाचायला तोंड उघडलं. अप्पा रागावले नाहीत. भाकरीचा तुकडा मोडता मोडता म्हणाले, "ऱ्हाऊ दे. कन्नी आल्यावर बघू." कन्नी जूनमध्ये येईल.

तुम्ही अप्पांना उत्तर लिहाल, तेही तोवर तसंच राहील. पोस्टमनकडून ते मीच घेईन आणि न फोडता त्यांच्या हातात देईन. घाईचं काही असलं तर ते पत्रात लिहू नका.

तुम्ही जिला वाचायला शिकवलं ती,
उमा