हिऱ्याची मान

माघातला रविवार, दिवेलागण

आज चांदूरच्या शंकरपटात, बैलांच्या शर्यतीत, आमची जोडी धावली. एक बैल माझा राजा, दुसरा व्याह्यांचा हिरा, आणि हाकणारा धुरकरी माझा मुलगा गजानन. सकाळच्या फेरीत सगळ्यांत कमी वेळ आमचाच. पण लोक पाठ थोपटत होते ती हिऱ्याची. व्याही मिशीवर हात फिरवत म्हणाले, "पाहा, आमच्या हिऱ्यानं तुमच्या राजाले ओढत नेलं!" मी हसलो. आतून मिरची झोंबली.

दुपारी अंतिम फेरीत हाच हिरा बिचकून आडवा घुसला अन् बक्षीस गेलं. राजा बिचारा सरळच धावत होता. आणि गजानन? गाडीवरून उतरला तो हिऱ्याच्या मानेला मिठी मारून रडला. सासऱ्याच्या बैलाच्या मानेला! एवढं का लागावं मला?

घरी येताना विचारलंच, "काहून रे, राजा दिसला नाही तुले?"

"बाबा, राजाजवळ तुमी होते. मामाजी तर आपल्या बैलाले सोडून रागानं निघून गेले. हिऱ्याजवळ कोण होतं?"

बरोबर आहे त्याचं. पण रडायचंच होतं, तर तिथं मीही उभा होतो की. माझ्या खांद्याले काय काटे होते?