कावळ्यासमोर दिलेला शब्द

२५ ऑक्टो.
काल केजला तहसीलमध्ये आमदारकीचा अर्ज भरला. अपक्ष. आज चौकात पहिलं भाषण, सपशेल आपटलो. बोलता बोलता सवयीनं तोंडून गेलं, "कोई शक?" मागून एक जण ओरडला, "लई शक हाय, मेजर!" फौजेत मी सुभेदार, पूल बांधायचो. पण इथं फौजेतून आलेला जो तो मेजर. दुरुस्त करणं सोडलंय.
बायको, सुनंदा, म्हणाली, "आधी हसायला शिका. मतं मागताय, हजेरी घेत नाही."

२६ ऑक्टो.
ओढ्यापलीकडच्या वस्तीवरच्या किसनतात्यांचा उद्या दहावा. जायचं नाही म्हणालो. मरणाच्या दारी मतं मागायची लाज वाटते. रशीद (ट्रॅक्टर मेकॅनिक, शाळेपासूनचा दोस्त, आता माझा एकमेव कार्यकर्ता) भडकला. "कावून जात न्हाईस बे? तात्या तुझे कोन न्हवते का?"
होते. दर सुट्टीला मेंढरं थांबवून विचारायचे, "चीनच्या येशीवर पूल बांधतूस, आपल्या वढ्यावर कवा?" पावसाळ्यात ओढा भरला की वस्ती गावापासून तुटते. खरं तर त्या प्रश्नापायीच अर्ज भरलाय.

२७ ऑक्टो.
काय होऊन बसलं!
पिंडाला कावळा शिवेना. लिंबावर बसलेले, पण खाली एकही येईना. तात्यांचा मुलगा म्हणाला, मेंढरं इकनार न्हाई. नाही. धाकट्याचं लग्न करतो. नाही. मग माजी सभापती पुढे झाले (तेही उभे आहेत, पक्षाकडून), हात जोडून म्हणाले, "तात्या, पूल झाला समजा!" कावळे ढिम्म. मागे कुणीतरी हसू खोकल्यात दाबलं.
तात्यांची लेक कांता माझ्याकडे वळली. "मेजर, तुमी बोला. बाबा तुमालाच इचारायचे."
खोटं कसं बोलू? म्हणालो, "तात्या, खाली पायाला मुरूम कुठं लागतो ते बघितल्याशिवाय पूल देतो म्हणता येत नाही. उद्या खड्डा घेतो. निवडून आलो तर पहिलं काम हे. पडलो तरी पाठ सोडणार नाही."
पडलो तरी म्हणालो आणि कावळा उतरला.
भुकेला असेल. उन्हं चढली होती. पण अंगावर काटा आला, हेही खरं.

२८ ऑक्टो.
ओढ्याकाठी खड्डा घेतला. काळी माती, खाली पाणी. पाणी ओसरेपर्यंत थांबणं आलं.
केजच्या बाजारात एकच चर्चा, कावळ्यानं मेजरला मत दिलं. रशीद पत्रकावर कावळा छापायचा म्हणतो. साफ नाही म्हटलं. "मंग पत्रकावर काय छापू, मुरूम?"

३ नोव्हें.
फराळाच्या निमित्तानं सभापती घरी. चकली मोडत म्हणाले, "उद्या माघारीचा दिवस. तुम्ही अर्ज काढा, निकाल लागला की पूल मंजूर करून देतो. तात्यांना दिलेला शब्द राहतो, तुमची दगदग वाचते."
मन डळमळलं. मला पूल हवाय की आमदारकी? पूलच हवा असेल तर अर्ज काढायला काय हरकत? सुनंदा म्हणाली, शब्द वस्तीवर दिलाय, तिथंच विचारा.

४ नोव्हें.
सकाळीच वस्तीवर गेलो. कांता मेंढरांभोवती वाघूर बांधत होती. सगळं ऐकून घेतलं, हातातली जाळी काही सोडली नाही. म्हणाली, "त्यांनी बी शब्द दिलताच की, मेजर. त्यांच्यासाठी कावळा आला न्हाई."
अर्ज काढला नाही. मन हलकं झालं. रशीदनं गॅरेजवर सगळ्यांना चहा पाजला.

२० नोव्हें.
मतदान झालं. वस्तीवरच्या बायका नटूनथटून आल्या होत्या. एक म्हातारी केंद्राबाहेर कडक सॅलूट ठोकून गेली. मला हसू आलं. सुनंदा म्हणाली, "शिकलात की!"

२२ नोव्हें.
पाणी ओसरलं. सकाळपासून खड्ड्यात. रशीद वरून ओरडतोय, "उद्या मोजनी हाय, अन् उमेदवार चिखलात!" दुपारी पहार टणकन वाजली. मुठीत घेऊन पाहिला, पिवळा, घट्ट मुरूम. कांतानं बोटानं दाबून बघितला, डोळे पुसले.
पाया इथं बसतो. माझं काय ते उद्या.