वाळलेल्या थेंबांची पेटी

मी, वय एकोणपन्नास, प्रयोगशाळेत जंतू सांभाळणारा, आजारी आहे पण डोके ठिकाणावर आहे. कोणी धाक घातलेला नाही, उलट बायकोने "आत्ताच कशाला?" म्हणत दोनदा पेन काढून घेतले. तरी लिहितो.

१. राहते घर आणि बँकेतली शिल्लक पत्नीची. धाकट्या भावाने वरच्या खोलीत बिऱ्हाड थाटू नये, तो फार घोरतो. सायकल त्याला द्यावी. गावच्या शाळेत जाताना मी त्याला ती एकदाही चालवू दिली नाही.

२. पत्र्याची पेटी. सत्तावीस वर्षे मी आतड्यात राहणारा एकपेशीय परजीवी बाटल्यांत वाढवला. प्रत्येक तुकडीतला एक थेंब गाळणकागदावर वाळवून, तारीख घालून पाकिटात ठेवायचा, ही सवय माझी.

या जीवाला हवा सोसत नाही. प्राणवायूचे विष उतरवणारे एक विकर, म्हणजे एन्झाइम, त्याच्या एका तुकडीत सापडले. त्याचे जनुक थेट जीवाणूंच्या वळणाचे. मोठे सर म्हणाले, याच्या पूर्वजाने ते कोट्यवधी वर्षांपूर्वी शेजारच्या जीवाणूकडून घेतले. संशोधन करणाऱ्या ताईला शंका आली, की जीवाणू आमच्या बाटलीतच शिरला असेल तर?

"काका, त्या तुकडीत जीवाणू मारायचं औषध घातलं होतं ना?"

"घातलं होतं, ताई."

सर सगळ्यांसमोर हसले. "मी म्हणतो शेजाऱ्याकडून उसनं आणलंय, तर ही म्हणते भांडंच खरकटं!" महिन्याभरात ताई काम सोडून गेली.

औषध घालायचे मी विसरलो होतो. उत्तर देताना मला ते माहीत होते.

पेटी ताईला द्यावी. औषध नीट पडलेल्या जुन्या तुकड्यांची पाकिटे निळ्या दोऱ्याने बांधली आहेत. थेंब वाळला तरी जनुक टिकते; या पाकिटांतही तेच निघाले तर सरांचे खरे. न निघाले तर ताईची शंका खरी. काहीही निघो, तिचा प्रश्न रास्त होता, उत्तर खोटे होते.

३. सरांना या कागदाची नक्कल. बाकी काही नाही.

देवाकडे माफी मागत नाही. खोटे त्याच्याशी बोललो नव्हतो.

सहीपूर्वी जोडलेले : साक्षीला बसलेला शिंपी हे वाचून म्हणाला, "अहो, एवढं सांगायला मरायची काय गरज?" म्हणून कलम २ रद्द. उद्या सकाळी मीच ताईकडे जातो. थकलो आहे, पण पेटी हलकी आहे.

सही : खुद्द
साक्षीदार : शेजारचा शिंपी, औषध देणारे डॉक्टर
स्थळ : राहते घर, स्वयंपाकघरातले टेबल
दिनांक : ९ जून