जुना पिवळा

सोमवार, ३
आले एकदाची. जुनी तैलचित्रं दुरुस्त करणाऱ्या कारखान्यात रंग घोटायचं काम आणि वर राहायला खोली. मालकीणबाई बोलायला गोड आहेत. त्यांचे दीर, म्हणजे भावजी, स्वयंपाकापासून टपालापर्यंत सगळं बघतात. वरचा संडास तुंबलाय म्हणून मोरीत झाकणाचं भांडं ठेवलंय, आणि तेही रोज भावजीच रिकामं करणार म्हणे. मी लाजेने अर्धमेली झाले. माझ्या नवऱ्याने जन्मात कधी माझा कप विसळला नव्हता.

गुरुवार, ६
आज जुना पिवळा घोटला. काचेच्या वरवंट्याखाली जवसाच्या तेलात तो असा उजळतो की हात थांबवावासा वाटत नाही. बाईंनी त्याची कुळकथा सांगितली. पूर्वी गाईला नुसता पाला खाऊ घालायचे, पाणी तोडायचे, तिचं मूत आटवून त्याचे गोळे करायचे. गाई खंगत गेल्या आणि धंदा बसला. आता हा रंग फक्त आमच्याकडे मिळतो, असं त्या अभिमानाने म्हणाल्या. बिचाऱ्या गाई, असं मी म्हटलं तर त्या हसल्या.

रविवार, ९
रंगाच्या धुळीवर उतारा म्हणून भावजी पाल्याचा काढा देतात. कडूजहर. जेवायलाही हल्ली पालाच असतो. बाईंनी लेकीची चौकशी केली. तीही हेच काम शिकलीय हे कळल्यावर दोघींना पुरेल एवढं काम आहे म्हणाल्या. मी लगेच पत्र लिहिलं, ये म्हणून. पोर जवळ असेल याचा फार आनंद झाला.

शनिवार, १५
गोठा कुठे आहे, असं सहज विचारलं. बाई म्हणाल्या, लांब आहे. भावजी म्हणाले, मागच्याच गल्लीत. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. भावजींच्या चपलांना कधी शेण लागलेलं पाहिलं नाही. मला उगीच शंका काढायची खोड आहे, मान्य. पण घोटायला रोज दोन ताजे गोळे येतात कुठून?

मंगळवार, १८
आरशात चष्म्यामागचे डोळे पिवळे दिसले. पाय जड झालेत. पाणी मागितलं तर भावजी म्हणाले, काढा पातळ होतो, कमीच प्या. बाई मात्र खुशीत आहेत. या खेपेसारखा रंग बऱ्याच वर्षांत उतरला नव्हता, असं म्हणत त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला.

गुरुवार, २०
सकाळी दोघं बाहेर गेल्यावर मागची खोली उघडली. चुलीवर मडकं रटरटत होतं. शेजारी माझं मोरीतलं भांडं, रिकामं. वास ओळखीचा— लिहवत नाही.
फळीवर गोळ्यांच्या बरण्या, प्रत्येकीवर चिठ्ठी. डावखुरी. गाणारी. पांढरा कोट. आधीच्या घोटणाऱ्या. त्या गावी गेल्या असं मला सांगितलं होतं. शेवटची बरणी अर्धी भरलेली. चष्मेवाली.
तिच्या पुढे एक नवी, स्वच्छ धुतलेली. चष्मेवालीची लेक.

शुक्रवार, २१
लेकीला लिहिलं, येऊ नकोस. पाकीट हातात घेऊन बसून राहिले. टपालात टाकणार कोण? भावजी.
जिन्याचं दार बाहेरून लावलेलं. खिडकीतून हाका मारल्या. घसा कोरडा, आवाज फुटत नाही— मीच बोलावलं तिला. मी.

शनिवार, २२
पाय उचलत नाहीत. काढा ओतून दिला. भावजींनी दुसरा आणला. नाक दाबून—

रविवार, २३, सकाळ
खाली दार वाजलं. तिचा आवाज. हसतेय. आई कुठे आहे, विचारतेय.
बाई म्हणतायत, झोपलीय, दमली असशील, आधी हा काढा घे—
वर आणून ठेवलेला वरवंटा मी जमिनीवर आपटतेय. पुन्हा. पुन्हा.
ती थांबली. वर काय वाजतंय, विचारतेय. भावजी सांगतायत, आमची गाय—