महादेवाचा तेलुगू सिनेमा

अप्पा, मी लातूरला हौशी नाटकं बसवतो हे तुम्हाला ठाऊक नाही. तुमच्या माघारी सुरू केलेला उद्योग आहे. हे वेड कुठून आलं असं परवा एकाने विचारलं, तेव्हा मी शाळेच्या गॅदरिंगचं नाव सांगितलं. खरं म्हणजे ते देगलूरच्या टॉकीजमधून आलं.

सिनेमाने पोरं बिघडतात असं तुमचं ठाम मत. म्हणून मी तुम्हाला सांगितलं की महादेवाचा सिनेमा लागलाय. पोस्टरवर एक जटावाला त्रिशूळ घेऊन उभा होता. अक्षरं तेलुगू, तुम्हालाही न येणारी आणि मलाही. आत सगळ्या मारामाऱ्या आहेत, देव एका गाण्यापुरता आहे, हे वर्गातल्या पोराने मला आधीच सांगितलं होतं. तुम्ही मात्र सोमवार बघितलात, उपास धरलात, खिशात बेलाची पानं घेतलीत. टॉकीजच्या दारात स्वतः चपला काढल्यात आणि मलाही काढायला लावल्यात. दुपारचा खेळ होता. बसल्यापासून मला एकच धास्ती. तुम्हाला कळलं की कान धरून बाहेर काढणार, आणि पुन्हा जन्मात सिनेमा नाही.

पडद्यावर नायक येतो तोच शिंदीच्या दुकानात, झिंगलेला. मी डोळे मिटून कान सांभाळतो. हळूच बघतो तर तुम्ही बेलाची पानं धरून हात जोडलेले. ज्याने विष पचवलं त्याला शिंदीचं काय, असं मला समजावता. मग नायिका वीसेक बायका घेऊन बागेत नाचते. तुम्ही सांगता, ती पार्वती, तप करून राहिली, बाकीच्या तिच्या सख्या. मिशीवाला जमीनदार हा असुर. असुराकडं जीप कशी, असं मागच्या रांगेतून कुणीतरी विचारलं. वर मागून घेतला असंल, म्हणालात. तेव्हा पुढचा एकजण, तेलुगू जाणणारा, मागं वळला.

"काका, ह्यो देव न्हाई. ट्रक डायव्हर हाय."

"तुम्हाला भाषा कळती. मला देव कळतो."

त्यानंतर दोन रांगा पडदा सोडून तुमच्याकडे कान लावून बसल्या. जरा मोठ्यानं सांगा, म्हणू लागल्या. मीसुद्धा सिनेमा सोडून त्या माणसांची तोंडं बघत होतो. नाटकाचं वेड लागलं ते तिथेच असावं.

आणि नायकाचा बाप मेला. नायक छाती पिटून रडू लागला. तुमचे जोडलेले हात सुटले. दोन्ही रांगा तुमची वाट बघून राहिल्या. महादेवाला कुठला बाप, असं तुम्ही पुटपुटलात, बेलाची पानं खिशात कोंबलीत आणि उठू लागलात. मी तुमचा सदरा धरला.

"अप्पा, बाप न्हाई म्हणूनच. बाप असल्यावर कसं वाटतं, ते बघायला आलाय देव."

तुम्ही माझ्याकडे बराच वेळ बघितलंत. मग खाली बसलात, मागं वळलात, आणि पुराणात असं आहे म्हणून सगळ्यांना तेच सांगितलंत.

पुढे दर श्रावणात तुम्ही ती कथा गावच्या मठात सांगत गेलात. बायका डोळे पुसायच्या. एकदा तर एका वृद्ध स्वामींनीही मान डोलावली. मला पापाची भीती वाटायची. न जाणो कुठेतरी सापडेल, म्हणून मोठेपणी मी पुराणाची सगळी पोथी वाचून काढली. नाही सापडली. तुम्ही तर माझ्या आधी दहा वेळा वाचलेली. तुम्हाला त्या दिवशीच कळलं होतं का, हे विचारायचं राहून गेलं.

आता श्रावणात गाव मला बोलावतं. हे पत्र शेतातल्या तुमच्या समाधीपाशी वाचावं असं मनात होतं. पण तिथं आजूबाजूला कुणी ना कुणी असतंच, आणि ऐकलं तर पंचाईत. सोमवारी मठात मला तीच कथा सांगायची आहे. पुराणातली म्हणूनच सांगतो, अप्पा.